त्या पत्रात काय होतं

चौल, श्रावण शुद्ध सप्तमी, सन १९३७

चि. शकूस काकीचा घरभर आशीर्वाद.

हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखव, नेहमीसारखं. तिला अक्षर येत नसलं तरी कान शाबूत आहेत. तिला सांग, जाऊ अजून तरतरीत आहे, डावा गुडघा तेवढा कुरकुरतो.

तुझं कार्ड पोचलं. "आम्ही खुशाल, आपली खुशाली कळवणे." झालं? अगं, हे पत्र आहे का कचेरीचं समन्स? चौथीपर्यंत शिकलीस ती एवढ्यासाठी? मी शाळेच्या शिपायाची लेक. बापाबरोबर वर्ग झाडता झाडता बाराखडी शिकले, पण लिहायला बसले की मला कागद पुरत नाही.

नागपंचमीला पातोळ्या केल्या. हळदीची पानं परसातलीच, हातभर लांब. शेजारची भागुबाई म्हणाली, "एकट्या जिवासाठी कशाला गो एवढा खटाटोप?" मी म्हटलं, "एकटीला काय जीभ न्हाय?" बारा केल्या. झाकण काढलं तेव्हा हळदीच्या पानाचा तो वास ओटीपर्यंत गेला आणि भागुबाई न बोलावता दारात हजर. चार तिच्या, दोन देवाच्या, बाकीच्या मी खाल्ल्या. लाज कसली?

यंदा परस असं काही माजलंय म्हणून सांगू! पडवळाला शेंड्याशी दगड बांधलेत, नाहीतर मेलं वेटोळं घालून बसतं. दोडकी इतकी की शिरांचीसुद्धा चटणी करून ठेवली, तीळ घालून. भेंडी एक दिवस तोडायची राहिली की जून. भेंडी नि लेक, दोघींना वाढायची घाई. मोरीच्या पाण्यावर अळू छातीएवढं झालंय. एवढं पिकतं आणि खाणारी मी एक, म्हणून आळीत वाटत सुटते. राहीच्या घरची भाजी आली नाही तर लोकांना श्रावण आल्यासारखा वाटत नाही, असं भागुबाईच म्हणते.

काकडी मात्र नाही. या मातीला ती मानवत नाही, म्हणून मी लावत नाही.

आता कामाचं. लेकीवरून आठवलं. तू पंधरा पुरी केलीस. रेवदंड्याच्या गोदूबाईचा मुलगा चंदर आहे, अलिबागच्या मोटारीवर क्लिनर. मोटार रोज आमच्या दारावरून जाते, मागं लोंबकळत असतो. दात जरा पुढं आहेत पण हसतो छान. भागुबाईनं तुझं नाव काढलंय. आईला विचार आणि लिही. तिला म्हणावं, तुझा मोरू गेला त्या दिवाळीत तू घर सोडलंस, सदूभावजी मुंबईत वारले तेव्हाही इकडे फिरकली नाहीस. लेकीच्या लग्नाला तरी ये. आपण दोघी जावा दिसायला विधवा, पण भांडायला अजून सवाष्णींना भारी आहोत.

तुझी काकी

चौल, श्रावण वद्य प्रतिपदा

चि. शकूस,

या वेळी पाच ओळी लिहिल्यास! देव पावला. खिडकीत घासलेटचा डबा मातीनं भरून ठेवलायस आणि त्यात लावायला काही पाठव म्हणतेस, वाचून मी दोनदा डोळे पुसले. आठ वर्षांत तू माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलंस. लवंगी मिरचीचं बी वाळत घातलंय, पाठवते. डब्याला बुडाशी भोकं पाड, नाहीतर मुळं कुजतील.

काल नारळी पुनव. कोळीवाड्यात वाजतगाजत नारळ सोडला. मी नारळीभात केला, लवंग जरा जास्तच पडली. चिबूड पिकलाय. उतरंडीमागं ठेवला तर साऱ्या घराला अत्तर लावल्यासारखं झालं. फोडी करून गूळ-खोबऱ्यात कालवल्या नि पायरीवर बसून खाल्ल्या, समोर ऊन पडलं होतं, पाऊस नव्हता. अशा वेळी वाटतं, माणसाला आणखी काय हवं. आणि मग वाटतं, काय हवं ते आपलं आपल्याला ठाऊक असतं.

उकिरड्यावर एक काकडीचा वेल आपोआप आलाय. कुठून बी पडलं देव जाणे. मी उपटायला गेले होते, पण फूल होतं, हात धजला नाही. आता तीन लागल्यात.

परवा गोदूबाई येऊन गेली. मी तिला भेंडीची भाजी नि भाकरी वाढली. हात धुताना म्हणाली, "राहीबाय, एक विचारू? पोरीनं भावाला काकडी चारून मारला म्हणतात. आजारी पोराला. खरं हाय काय? भाऊ खाल्लेली पोर घरात कशी आणायची?" आठ वर्षं झाली, तरी गावानं हे जपून ठेवलंय बघ. मी म्हटलं, "सात वर्षांचं पोर ते, त्याला काय कळतंय?" ती म्हणाली, "म्हणजे चारली?" मी म्हटलं, "मी चुलीपाशी होते, मला काय ठाऊक?"

ती पदर झटकून गेली. स्थळ अडलंय. अजून मोडलेलं नाही, पण गणपतीनंतर सांगतो म्हणाली. भागुबाई म्हणते, तिच्या डोळ्यांत नकार होता.

कमळ, तू ऐकतेयस ना? पोरीला यावरून काही बोलू नकोस. देवाच्या मनात होतं ते झालं.

तुझी काकी

चौल, श्रावण वद्य षष्ठी

शकू,

हे पत्र आधी मनात वाच. मग दार लावून आईला मोठ्यानं वाच, एक अक्षर गाळू नकोस. तुझ्या तोंडून तिला हे ऐकवायचं म्हणजे माझ्या जिवावर आलंय, पण दुसऱ्या कुणाकडून वाचून घेण्यासारखं हे नाही.

मी आधी लिहिलं ते खोटं. माती काकडीला मानवते. तुमच्या वेळी त्या वेलाला टोपलीभर काकडी लागायची. मीच लावत नाही.

त्या वर्षी मोरूला मुदतीचा ताप होता. एकवीस दिवस. एकविसाव्या दिवशी उतरला. वैद्यबुवा म्हणाले, आतडं नाजूक झालंय, आणखी आठ दिवस पेजेशिवाय काही द्यायचं नाही. भाद्रपदातली दशमी होती. तुझी आई खाडीवर धुणं घेऊन गेली होती. तू मोरूच्या उशाशी माश्या वारत बसली होतीस. मी वेलावरची काकडी आणली, कोवळी, काटे अजून बोटाला लागत होते. देठाकडची चकती कापली, मीठ लावून घासली, फेस काढला, कडूपणा गेला. ती कापलेली चकती तू मागितलीस नि कपाळाला चिकटवलीस. गार गार म्हणालीस.

मोरूनं मान उचलली. "काकी, एक फोड. एकच." एकवीस दिवस पेज पिऊन त्याची जीभ मेली होती गं. त्याचे ते ओठ. मी मनात म्हटलं, एका फोडीनं काय होतंय? दिली. त्यानं इतक्या चवीनं खाल्ली, डोळे मिटून, की मी दुसरी दिली. मग तिसरी. अर्धी काकडी त्यानं खाल्ली. मीच दिली, माझ्या हातानं, मीठ लावून. तू एक फोडसुद्धा त्याला दिली नाहीस.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. वैद्यबुवांनी पोटाला हात लावला आणि विचारलं, "पोराला काय चारलंत?" तुझ्या आईला एकदम आदल्या दिवशी तुझ्या कपाळावर बघितलेली काकडी आठवली. तिनं फुंकणी घेतली. तू मार खाताना एकदाच माझ्याकडे बघितलंस. मी चुलीपाशी भात ढवळत होते. भात कधी कुणी ढवळतं का?

मी बोलले असते तर कमळनं मला त्याच पावली बाहेर काढलं असतं, आणि ते बरोबरच होतं. नवरा नाही, पोर नाही, माहेरी कुणी नाही. मी भ्याले. म्हटलं, पोराचं दहावं होऊ दे, मग सांगते. मग म्हटलं, दिवाळी होऊ दे. तोवर तुम्ही मुंबईला गेलात. त्यानंतर दर श्रावणात कागद घेऊन बसले आणि भेंडी-दोडकीचं लिहून उठले.

कमळ, तुझा मोरू माझ्या हातून गेला. शकूनं काही केलं नाही. तुला काय शिव्या द्यायच्या त्या मला दे. गोदूबाईला मीच सांगेन, पण आधी तुला कळायला हवं.

मिरचीचं बी सोबत आहे. घरात दुसरा कागद नाही आणि हे आज गेलं नाही तर पुन्हा माझं धाडस व्हायचं नाही, म्हणून याच पत्राचा कोरा कोपरा फाडून पुडी बांधली. बी पेरल्यावर वरून माती चिमूटभरच घाल.

काकी

चौल, भाद्रपद शुद्ध पंचमी, ऋषीची

चि. शकूस,

मी जिवंत आहे गं! ठणठणीत आहे!

तुम्हाला पत्र टाकून पंधरा दिवस झाले आणि उत्तर नाही. मी रोज टपालवाल्याची वाट बघायची आणि तो दिसला की आत पळायची. जेवण जाईना. परवा हरतालिकेच्या संध्याकाळी भेंडी तोडत होते, तेवढ्यात कुंपणापलीकडून "बाप रे!" अशी आरोळी आली. बघते तर भागुबाईचा हरेश्वर, गणपतीसाठी मुंबईहून आलेला. डोक्यावरचं गाठोडं चिखलात. "राहीकाकी, तुम्ही हाव?" मी म्हटलं, "न्हाय रे, माझं भूत भेंडी तोडतंय!" तर तो खरंच दोन पावलं मागं सरला.

मग सारं कळलं. हरेश्वर तुमच्याच चाळीत राहतो, त्यानं डोळ्यांनी बघितलेलं. कोपरा फाटलेलं पत्र म्हणजे कुणी गेल्याची खबर, ते शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला तेवढं सुचू नये? अक्कल गहाण पडली होती. तू नळावर गेलेलीस, कमळनं लिफाफा उघडला, कोपरा फाटलेला बघितला आणि दारातच हंबरडा फोडला. मरणाचं पत्र घरात घेऊ नये म्हणून तिथल्या तिथं फाडून मोरीत टाकलं. बियांच्या पुडीत राख असेल म्हणून तीही न उघडता टाकली. वाचायचं तरी कशाला? गावाकडे आपलं म्हणून मरायला मीच तर एक उरले होते.

हरेश्वर सांगत होता, कमळ दहा दिवस धड जेवली नाही. "माझी सोन्यासारखी जाऊ, माझी मोठी बहीण," म्हणून रडायची. शकू, मी हे ऐकलं आणि पायरीवर बसकण मारली. माझ्यासाठी कुणी एवढं रडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पुढं तो आणखी काही सांगणार होता, पण भागुबाईनं हाक मारली नि तो गेला. त्यानंतर समोर येईना. गणपतीची गडबड असेल.

आज ऋषीची भाजी केली. बैलाच्या कष्टाचं आज चालत नाही, म्हणून सगळं हातानं लावलेलं. अळू, लाल माठ, पडवळ, भोपळा, भेंडी, मक्याचं कणीस, सुरण. तेल नाही, फोडणी नाही, नुसतं मीठ-मिरची-खोबरं, तरी तिला जी चव असते ती बाकी वर्षभर कशालाच नसते. भांडंभर झाली, सगळ्या आळीत वाटली. आठ वर्षांत आज पहिल्यांदा घास गोड लागला.

त्या फाटलेल्या पत्राचं काही मनाला लावून घेऊ नका. त्यात विशेष काही नव्हतं, नेहमीचंच परसातलं. मोरीत गेलं ते बरंच झालं. बी पुन्हा पाठवते, या खेपेला केळीच्या सोपटात बांधून. हे पत्र हरेश्वर गौरी गेल्या की तुझ्या हातात देईल.

कमळला म्हणावं, तुझ्या रडण्यानं माझं आयुष्य वाढलं. आता एकदा येऊन बघून जा.

तुझी जिवंत काकी

चौल, भाद्रपद वद्य एकादशी

शकू,

तुझं पत्र आलं. एवढं मोठं पत्र तुझं पहिलंच. ते मी इतक्यांदा वाचलंय की आता बघायला लागत नाही. तरी तुझंच तुला लिहून पाठवते, मला ते नीट कळलं की नाही ते बघ.

"काकी, तू गेलीस असं समजून मी खूप रडले. दहाव्या दिवशी आई म्हणाली, राहीनं माझ्या मोरूवर जीव टाकला आणि तू त्याचा जीव घेतलास. तेव्हा काकडी कुणी चारली ते माझ्या तोंडून निघून गेलं. मेलेल्या माणसाचं आता काय बिघडणार, असं वाटलं. सगळ्या माळ्यानं ऐकलं. लहानपणी मी बोलले नाही, कारण तुला काढून टाकलं असतं तर मग माझं कोण होतं? मला वाटायचं, काकी मोठी आहे, काकी बोलेल. तुझं पत्र आलं की आधी मी ती ओळ शोधायची. भेंडी असायची, पडवळ असायचं. हरेश्वरदादा म्हणाला तू जिवंत आहेस, तेव्हा मला वाटलं, फाटलेल्या पत्रात ती ओळ नक्की असणार, लिफाफा जाड होता असं आई म्हणाली होती. पण तूच लिहिलंस की त्यात काही नव्हतं. आई म्हणते, आम्ही तिचं सुतक फेडलंय. फेडलेलं सुतक परत घेता येत नाही."

होतं गं. त्या पत्रात तेच होतं. सगळं होतं, तुझ्या कपाळावरच्या चकतीपासून. पण आता हे मी कुणाला सांगू? कागद मोरीत गेला आणि त्यात काही नव्हतं अशी साक्ष मी स्वतःच्या अक्षरात दिली. का दिली तेही सांगते. कमळ माझ्यासाठी रडली हे ऐकलं आणि मला ते रडणं सोडवेना. वाटलं, देवानंच पत्र फाडलं, आता राहू दे. ऋषीपंचमीचं व्रत करायचं, हातानं पिकवलेलं खायचं आणि त्याच हातानं खोटं लिहायचं! तू विश्वास ठेवू नकोस. मी तुझ्या जागी असते तर मीही ठेवला नसता.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रेवदंड्याला गेले. चंदरच्याच मोटारीतून. त्यानं हात धरून चढवलं, "काकी, सांभाळून," म्हणाला. त्याला काय माहीत मी कशाला चाललेय. गोदूबाईच्या ओटीवर भावकीतल्या पाच-सात बाया वाल निवडत बसल्या होत्या. मला एकटी गोदू हवी होती, पण म्हटलं, नाही, एकटीला सांगितलं तर पुन्हा कुठंतरी मुरेल. उभ्यानंच सांगितलं. "आजारी पोराला काकडी मी चारली. पोरीनं न्हाय. ती सात वर्षांची होती नि माझ्यापायी मार खाऊन गप राहिली. मी तुमच्यापाशी खोटं बोलले."

मग एक म्हातारी म्हणाली, "आठ वर्सं पोरीच्या डोक्यावर ठेवलंस, बाय? तुला झोप कशी लागली?" मी म्हटलं, "लागली. तेच तर." गोदूबाईनं मला पाणी विचारलं नाही. मी चालत परत आले, मोटारीला थांबले नाही.

चार दिवसांनी भागुबाई कुंपणाशी आली. म्हणाली, गोदूबाईचा होकार आहे. म्हणते, जी पोर त्या वयात एवढं पोटात ठेवू शकते ती माझं घर राखील. मार्गशीर्षात लग्न, रेवदंड्याला. तुमच्याकडे निरोप गेलाच असेल. एवढं सांगून भागुबाई गेली. मी तिच्यासाठी पडवळाची सोडे घालून भाजी काढून ठेवली होती. ती म्हणाली, "नको, राही. आज इच्छा न्हाय." काल पाठवली तीही परत आली, वाटी धुऊन. आळीत आता कुणी घेत नाही. कुणी भांडत नाही, वाईट बोलत नाही, नुसतं पोट भरलंय म्हणतात. परसात एवढी भाजी लागलीय की वेल वाकलेत. मी सकाळी तोडते, माझ्यापुरती शिजवते आणि बाकीची गुरांपुढं टाकते.

खरं सांगू, मला त्याचं वाईट वाटतं. फार वाटतं. मला लोकांना खाऊ घालायला आवडायचं गं. त्याच आवडीनं घात केला, आणि तरी ती आवड जात नाही.

पितृपंधरवडा चालू आहे. कमळनं माझं पान ठेवलं असेल का, असा विचार मनात आला आणि एकटीच हसले. तिला म्हणावं, तिचं बरोबर आहे. मी तिच्या दारात येणार नाही, पत्रही टाकणार नाही. हे शेवटचं. तूही उत्तर लिहू नकोस. तुझी आई मोरूला गमावून बसली, तुझ्या बापाला गमावून बसली, आणि आता माझ्यासाठी तुझ्यात नि तिच्यात पुन्हा काही यायला नको. तिनं तुला फुंकणीनं मारलं ते माझ्या लबाडीनं मारलं, हे तिच्या मनाला रोज खात असेल. तिला जवळ घे. ती स्वतःहून घेणार नाही, तिचा स्वभाव मला ठाऊक आहे. तूच जाऊन बिलग.

मार्गशीर्षात तुम्ही बोटीनं रेवसला उतराल आणि अलिबागहून मोटारीनं रेवदंड्याला जाल. दुसरा रस्ता नाही, तेव्हा मोटार माझ्या दारावरून जाईल. मी घराबाहेर येणार नाही, तुम्ही थांबू नका. पण त्या वळणावर आळीतल्या सगळ्या बाया तुला बघायला उभ्या असतील, ज्या आठ वर्षं तुझं नाव घेऊन कुजबुजल्या त्याच. इतकी वर्षं तू मान खाली घालून होतीस. त्या दिवशी मान वर कर, पोरी. आतून मला दिसेल.

राही